एकशे त्रेचाळीस वेळा 'काही नाही'

खाचा पाडलेली काठी माझी पणजी, गाठी मारलेली दोरी माझी आजी आणि आखीव पाटी माझी आई. मित्रांनो, मी एक जुनी मोजणीवही आहे. घरोघरची माणसे आणि त्यांची कामे माझ्या पानांवर उतरतात आणि त्यांवरून कारभार चालतो. तेव्हा नीट बसा आणि ऐका.

माझ्या कारकुनाचे अक्षर वळणदार, पण उंबरा ओलांडणे त्याला कमीपणाचे वाटे. दाराशीच तो घरधन्याला बायकोविषयी विचारी, "मंडळी काय करतात?"

"काही नाही. घरीच असते."

आत हातमागाचा खटखटाट चाललेला असे आणि माझ्या रकान्यात 'काही नाही' उतरे. वरच्यांना रुचतील असे आकडे मिळाले की मोठे साहेब प्रसन्न! मला मखमलीचे वेष्टन लाभले. त्याची मला आजही लाज वाटते.

विणकर गल्लीने पाळणाघर मागितले, तेव्हा माझेच पान पुढे करून उत्तर गेले: तेथे काम करणारी बाई एकही नाही. कमरेला दोरी बांधलेली लेकरे मागाच्या पायाशीच राहिली.

पुढे कारभार बदलला. चुकीचा आकडा दुरुस्त करून दर्शनी फळ्यावर लावणे सक्तीचे झाले; साहेबांनाही तो दडपता येईना. मोजणीला बायकाही नेमल्या. त्यांतली एक या कारकुनाचीच सून. विणकर गल्लीतल्या त्यांच्याच घरात ती त्याला म्हणाली,

"मामंजी, आत जाऊन बायकांनाच विचारू या."

"अगं, तीस वर्षं मोजतोय मी!"

"मग सासूबाईंचं पान काढा बरं."

पानावर 'काही नाही' होते. मागावरून सासूबाई कडाडल्या, "आणि मुलांच्या शाळेची फी काय तुमच्या वळणदार अक्षरानं भरली?"

म्हातारा खाली मान घालून उठला. गल्लीतला प्रत्येक उंबरा त्याने ओलांडला, जमिनीवर बसला आणि विचारले, "बाई, सकाळपासून काय काय केलंत?"

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर पुसता येते. खोटे बसले, तर ते कोणाच्या तरी लेकराला भोवते. मला जपायचे असेल, तर खरे विचारून लिहा.

पाळणाघर मंजूर झाले. गल्लीतल्या एकशे त्रेचाळीस बायकांपुढे माझ्यात 'काही नाही' लिहिले होते; तेवढ्या नावांचे ऋण माझ्यावर होते, आणि खरे काम लिहीत ते एकेक फिटत गेले. शेवटी कारकुनाने स्वतःच्या बायकोपुढे लिहिले, 'विणकर, बेचाळीस वर्षे.' तिने ते वाचले, मान डोलावली, आणि माझे ऋण पुरते फिटले.