नापास, तरी हिरवा दिवा

मित्रांनो, मेहकरच्या एसटी स्टँडमागच्या एका खोलीत बरीच वर्षं काम केलेला मी एक जुना संगणक आहे. कारखान्यात माझे भाग जोडले गेले, ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते मुबीनाच्या टेबलावरचं काम.

मुबीना आणि तिचा भागीदार हर्षल यांनी कपाशीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. शेतकरी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं ओढून घेणाऱ्या सापळ्यात, अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजून फोनवर कळवत. गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करायची की नाही, ते प्रोग्राम सांगे. बीटी कपाशीला अळी लागत नाही, हा भरवसा तोवर उडाला होता.

प्रोग्राममध्ये काही बदल झाला की आधी त्याच्या चाचण्या मी चालवत असे. चाचण्या संपताना मला एक आकडा मिळे. शून्य म्हणजे सगळं ठीक. मग मी हिरवा दिवा दाखवून नवा प्रोग्राम गावोगाव पाठवत असे. हर्षल आल्या-गेल्याजवळ माझं कौतुक करायचा.

त्यांची भाषा फंक्शनल पद्धतीची होती. तिच्यात फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एकेक छोटा तुकडा, मुकाट्यानं उत्तर परत देतं. चाचणी फसली तर 'नापास' हेही एक उत्तरच. ते शेवटपर्यंत नेऊन, त्यावरून माझा आकडा ठरवावा लागतो. नेमकं तेवढंच लिहायचं राहून गेलं होतं.

एकदा हर्षलनं बदल केला आणि नोंद न आलेल्या दिवशी पतंग नव्हतेच, असं धरून प्रोग्राम 'फवारणी नको' सांगू लागला. चाचणीनं ते पकडलं. माझ्या पडद्यावर 'नापास' उमटलं आणि वर सरकून गेलं. शेवटी मला शून्यच मिळालं. दिवा हिरवा झाला.

बोंडं भरायच्या दिवसांत उंद्रीच्या कपाशी पिकवणाऱ्या विमलबाई आल्या. त्यांनी पिशवीतून एक बोंड काढून टेबलावर फोडलं. आत कापूस नव्हता, अळी होती.

"फोननं सांगतलं, फवारणी नको. म्या नाही केली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"आपल्याकडं तं सारं हिरवंच होतं," हर्षल म्हणाला.

मुबीनानं चाचण्या पुन्हा चालवल्या आणि पडदा वर सरकवत एकेक ओळ वाचली. एका ओळीत 'नापास' सापडलं. मग 'नापास'वरून माझा आकडा ठरवण्याचा राहिलेला भाग तिनं लिहिला आणि चाचण्या परत लावल्या. माझा दिवा पहिल्यांदाच लाल झाला.

"आता हा लाल काऊन झाला?" विमलबाईंनी विचारलं.

"आता खरं सांगून राह्यला, मावशी," मुबीना म्हणाली.

"मंग तवा काऊन नाही सांगतलं?"

"पडद्यावर लिहिलं होतं. आम्ही वाचलं नाही."

"माह्या वावराले आता त्याचा उपयोग नाही," विमलबाई म्हणाल्या. "बाकीच्याइले कळवा."

मागचा सल्ला चुकला, सापळे पुन्हा पाहा, असा निरोप मुबीनानं गावोगाव धाडला. सोनाळ्याकडच्या काही शेतकऱ्यांना तो वेळेवर मिळाला. उंद्रीत उशीर झाला होता. विमलबाई गेल्यावर हर्षलनं चूक दुरुस्त केली. तेव्हापासून नवी चाचणी लिहिली की मुबीना आधी मुद्दाम ती नापास करवून माझा दिवा लाल होतो का, ते पाही.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलं आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खात आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण जो दिवा तुम्ही कधीच लाल झालेला पाहिला नाही, त्याच्या हिरव्या रंगाच्या भरवशावर कुणाचं वावर सोडू नका.