जुन्या मापाचा ब्लाउज

साहेब, तुम्ही बाईचं पोट कापलंत आणि बाईला विसरलात. हा आरोप आहे आणि तोंडावर केलेला आहे. तुमच्या दवाखान्याचं नाव इथं मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. रस्त्यावर तुमचा मोठा फलक आहे. डावीकडे जाडी बाई, उजवीकडे बारीक बाई आणि मधे एक लाल बाण. त्या बाणात काय काय भरलंय हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता ऐका.

अनुसया बमरोलीत राहते. माहेर पारोळ्याकडचं, लग्न होऊन सुरतेत आली ती इथलीच झाली. नवरा वाल्मिक पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मुकादम. घराच्या पुढच्या खोलीत अनुसयाचं शिलाई मशीन, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिच्या हातचे ब्लाउज. वजन असं वाढलं होतं की जिना चढताना मधेच पायरीवर टेकावं लागे. शुगर होती, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा. पोट लहान करायचं ऑपरेशन गरजेचं होतं, त्याबद्दल भांडण नाही. मिलच्या विम्यातून ते झालं आणि चांगलं झालं. शुगरची गोळी सुटली. जिना ती आता न थांबता चढते.

इथपर्यंत तुमचा फलक खरा. पुढचं फलकावर मावत नाही.

पुढचं असं, की अनुसया शेअर रिक्षात बसली की अजून दोन सीटचं भाडं देते. जाडी असताना द्यायची तशीच. रिक्षावाला म्हणतो, "मासी, एकना ज आपो ने, एकाचंच द्या." ही म्हणते, "नाही रे बाबा, दोघांची जागा अडवलीय मी." तो शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघतो, मग हिच्याकडे बघतो आणि दोन्ही सीटचे पैसे खिशात टाकतो. घरात मशीन आणि कॉट यांच्या मधून ती आडवी होऊन जाते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत नाही, मोडेल म्हणून. आरशात तिला तीच जुनी अनुसया दिसते. नाटक नाही हो, खरोखर दिसते.

आणि म्हणून ती जेवत नाही. आहाराच्या मॅडमनी वाटीभर घट्ट वरण सांगितलंय, पनीर सांगितलंय, अंडं सांगितलंय. ही दोन चमचे खाते आणि ताट सरकवते. "परत फुगेन," म्हणते. कंगव्यात केसांचे पुंजके येतात. परवा मशीनवर बसल्या बसल्या घेरी आली आणि सुई बोटातून आरपार गेली. पोट लहान केलं ते जगण्यासाठी, आणि बाई निघाली उपाशी मरायला.

त्यात आमची गल्ली. आम्ही सगळे. एक म्हणते, "कितली सुकाई गयी वं! टीबी-बीबी तर नही ना?" दुसरी म्हणते, "हिनं काय मेहनत केली? पैसेवाल्यांसारखं कापून घेतलं." आणि हीच दुसरी दुपारी ब्लाउजच्या निमित्ताने येऊन हळूच विचारते, "दुखतं का गं फार? आमच्या सुनेला सांगायचं होतं." वाल्मिकचं वेगळंच. "जेव ना गं. लोक म्हणतात, वाल्मिक बायकोला उपाशी ठेवतो." त्याला काळजी बायकोची की लोकांची, ते त्यालाच ठाऊक.

तपासणीला गेली तेव्हा अनुसयाने धीर करून तुम्हालाच सांगितलं होतं, साहेब. "डॉक्टर, मला आरशात मी जाडीच दिसते." तुम्ही हसलात. "अरे बेन, तुम्ही तर हिरॉइन झालात!" शेजारची नर्स हसली. वाल्मिकही हसला. रिपोर्ट चांगले आहेत, पुढच्या वेळी या. त्या दिवसापासून ती याबद्दल कोणाशी बोललीच नाही. एकदा हसलात ना, झालं. बाईचं तोंड बंद करायला एवढं पुरतं.

मग तुमच्या ऑफिसातून नितीनभाईंचा फोन आला. दवाखान्याचा मोठा कार्यक्रम आहे, यशस्वी पेशंटचा सत्कार आहे, अनुसयाबेनने स्टेजवर यायचं आणि दोन शब्द बोलायचे. चांगली साडी नेसून या, फोटो निघणार.

साडी होती. ब्लाउज हवा होता. अनुसयाने कपाटातून मापाचा ब्लाउज काढला, कापडावर पसरला, खडूने खुणा केल्या, कात्री चालवली. एका बैठकीत शिवून हँगरला टांगला. हुक लावायला तिची मोठी जाऊ उषाबाई येते. ती आली, हँगरकडे बघितलं आणि म्हणाली, "हाऊ कोना शे वं? कोणाचा हा?"

"मनाच. माझाच."

उषाबाईने ब्लाउज हँगरवरून काढला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. त्यात आत्ताच्या दोन अनुसया आरामात बसल्या असत्या.

"मापाला काय घेतलंस?"

"माझाच जुना. दुसरा कुठला घेणार?"

"ऑपरेशनच्या आधीचा?"

अनुसयाने मान वळवली. तिने उषाबाईच्या हातातला ब्लाउज बघितला, पसरलेला जुना ब्लाउज बघितला. इतक्या वर्षांची टेलर, आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

उषाबाई हसली नाही. हे लिहून ठेवा साहेब, ती हसली नाही. तिने टेप घेतली आणि म्हणाली, "उभी राहा." टेप अजून पाठीमागे गेलीही नव्हती तोवर अनुसयाने आकडा सांगून टाकला. जुनाच. तोंडपाठ होता.

"मी विचारलं का तुला? टेपवर वाच."

अनुसयाने वाचलं. पुन्हा वाचलं. "ताई, तुम्ही ओढून धरलीय."

"मग तू धर."

तिने स्वतः धरली. आकडा तोच आला. तेव्हा ती खाली बसली आणि दंडावरचा पदर सरकवला. दंडाखालची कातडी लोंबत होती, रिकाम्या पिशवीसारखी. "हे बघा. हे काय आहे मग? हे तर आहे ना इथंच? कमी झालं म्हणता, मग हे कोणाचं अंग आहे? मला माझंच ओळखू येत नाही. आणि यांना वाटतं मी लाडात आलेय."

वाल्मिक नुकताच ड्यूटीवरून आला होता, दारात चपला काढत होता. मुलगी स्नेहा कॉलेजची बॅग घेऊन मागे उभी. ती म्हणाली, "पप्पा, मी केव्हाची सांगतेय. मम्मीला मनाच्या डॉक्टरला दाखवू. नेटवर वाचलंय, असं खूप जणांना होतं या ऑपरेशननंतर."

"वेडी आहे का तुझी आई?" वाल्मिक म्हणाला.

उषाबाई वळली. "गुडघे दुखले तेव्हा हाडाच्या डॉक्टरकडे नेलं होतं ना भाऊजी? तेव्हा काय हाड वेडं झालं होतं?"

"तसं नाही वहिनी, लोक..."

"लोक लोक काय लावलंय? परवा सुई बोटातून गेली तेव्हा लोकांनी काढली का?" मग ती अनुसयाजवळ बसली. "बाळंतीण बाई जुन्या मापाचा ब्लाउज घेऊन आली की तू काय म्हणतेस तिला? मी ऐकलंय. म्हणतेस, हे राहू दे, अंग बदललं, आता नवीन माप घ्यावं लागेल. ती ओशाळते, तर म्हणतेस, त्यात लाजायचं काय, लेकरू झालंय. तुला कोणी असं म्हटलंच नाही गं. डॉक्टरने नाही, नवऱ्याने नाही. मीपण नाही. सगळ्यांनी नुसतं बघितलं. वर्षानुवर्षांचं अंग काही महिन्यांत गेलं, मनाला वेळ नको? त्याला कोणीतरी हळूहळू सांगायला नको? ते शिकवणारी माणसं असतात. तिथं जायचं. आणि जाईस्तोवर ही वरणाची वाटी माझ्यासमोर संपवायची. भूक नसली तर औषध म्हणून."

अनुसयाने वाटीतलं वरण खाल्लं, रडत रडत. निम्मं राहिलं. उषाबाईने वाटी बाजूला ठेवली. तिने मशीनवरची कात्री घेतली आणि नव्या मापाने ब्लाउज कापायला घेतला, वेडावाकडा. "सरका ताई," अनुसया म्हणाली, "कापड वाया घालवाल."

कार्यक्रमाला सगळे गेले. थंडगार हॉल, फुलांचे गुच्छ, पडदा, आणि स्टेजवर तुम्ही, साहेब. पडद्यावर अनुसयाचा आधीचा फोटो आला. गेल्या वर्षीचा, दवाखान्याच्या भिंतीला टेकून काढलेला. हॉलमध्ये खसखस पिकली. मग नंतरचा फोटो आला आणि टाळ्या पडल्या. नितीनभाईंनी माईक हातात दिला. "बस, थँक्यू बोला, बेन."

अनुसया म्हणाली, "थँक्यू. माझे गुडघे वाचले, साखर गेली. डॉक्टरांचे उपकार आहेत. पण मघाशी त्या फोटोला तुम्ही हसलात. हसू नका. ती बाई दिवसभर मशीन चालवत होती, त्या बाईने मुलगी वाढवली, तीच स्वतःच्या पायाने ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपली. मी तिला हाकलत होते घरातून. उपाशी मारत होते. ती जात नाही, आणि नवी मी येत नाही. मधे लटकलेय. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते पण हसले."

नितीनभाई पुढे सरकले, माईक धरायला.

"एकच विचारायचंय. पोटाचे डॉक्टर भेटले, बेशुद्ध करणारे भेटले, आहाराच्या मॅडम भेटल्या. मनाचं बघणारं तुमच्याकडे कोण आहे? नाव सांगा. मी आत्ता जाऊन त्यांच्या दारात बसते."

माईक बंद झाला. "नेक्स्ट पेशंट," नितीनभाई म्हणाले. सत्काराची शाल कोणीतरी घाईघाईने तिच्या खांद्यावर टाकली. लोक जेवणाच्या टेबलांकडे निघाले. अनुसया पहिल्या रांगेत जाऊन बसली, उठली नाही. वाल्मिक मागच्या रांगेतून उठला. आता हा तिला हाताला धरून बाहेर नेणार, असं स्नेहाला वाटलं. तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"चल म्हणू नका," अनुसया म्हणाली.

"म्हणत नाही. मी पण हसलो होतो त्या दिवशी. उत्तर मलाही पाहिजे."

मित्रहो, यात शिकण्यासारखं आहे ते सरळ आहे. अंग बदललं की मन आपोआप बदलत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला "किती सुकलीस", "कापून घेतलंस", "हिरॉइन झालीस" यातलं एकही म्हणू नका. "कशी आहेस, जेवलीस का" एवढं विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेडं होणं नाही. आणि जो दवाखाना शरीराला हात लावतो, त्याने मनाची जबाबदारी आधीच, कापायच्या आधीच घ्यायला हवी. ती मेहेरबानी नाही, उपचार आहे. अर्धा उपचार करून पूर्ण उपचाराचे फोटो लावणं याला आमच्या भाषेत फसवणूक म्हणतात.

साहेब, हॉल रिकामा झाला, तुम्ही मागच्या दाराने गेलात. तुमच्या फलकावरच्या प्रत्येक बाईच्या वतीने पुन्हा विचारतोय. कापायच्या आधी तिच्याशी कोण बोललं? कापल्यानंतर कोण बोलणार आहे? कुठल्या खोलीत, कुठल्या वारी? आम्हाला आणखी एक गुच्छ नको, शाल नको. त्या माणसाचं नाव सांगा.