फोन न आलेली घरं

ग्वेन हॅलोरन माईकसमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेच्या जेवणघरात टाळ्या पडल्या. पडणारच. अर्धं कॉर्बेट फॉल्स गाव तिच्या हाताखालून चौथी शिकून गेलेलं. शाळामंडळाची सभा एरवी छपराची गळती आणि बसचं डिझेल यांवर कुरकुरून तासाभरात उठायची. आज मात्र ‘राज्याची सक्तीची परीक्षा बंद करा’ असा ठराव होता, आणि खुर्च्या कमी पडल्या होत्या.

ही चळवळ ग्वेनची. परीक्षा घ्यायची सक्ती शाळेवर आहे, तुमच्यावर नाही; मुलाला परीक्षेला बसवायचं नसेल तर तसं शाळेला कळवा, तो तुमचा हक्क आहे, असं ती पालकांना सांगत होती. गेल्या आठवड्यात परीक्षा झाली, तेव्हा तिच्या वर्गातली सात मुलं वाचनालयात चित्रं रंगवत बसली होती.

“सगळ्या पोरांना एकाच मापाचे बूट घालायचे,” ग्वेन म्हणाली, “आणि ज्याला चावतील त्यालाच सांगायचं, तुझा पाय वाकडा! हे कुठवर चालवायचं?”

पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेत मुख्याध्यापक डग प्राइब तर डोळे मिटून मान डोलवत होता. त्याचं दुखणं वेगळं होतं. शाळेचा निकाल आणखी घसरला असता तर त्याची खुर्ची जाणार होती. मार्चमध्ये त्यानं ग्वेनला खोलीत बोलावून डोनट पुढे केला होता.

“तुझ्या चळवळीला माझी आडकाठी नाही हं, ग्वेन. फक्त ज्यांना या परीक्षेचा फार त्रास होतो ना, त्यांच्याच घरी फोन कर. बाकीच्यांना उगाच कशाला छेडतेस?”

ग्वेन काही दूधखुळी नव्हती. त्रास होणारी म्हणजे नापास होणारी, हे तिला डोनट संपायच्या आत कळलं. पण पोरं परीक्षेच्या दिवशी रडतात, पोटं धरून बसतात, तेवढं तरी वाचेल, असं तिनं मनाला समजावलं. शिवाय वर्गाचा निकाल सुधारला असता. हे ‘शिवाय’ तिनं मनाच्या तळाशी ढकललं आणि फोन फिरवायला घेतले. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कुणाची मदत लागत नाही.

तिचं बोलून झाल्यावर चष्म्याचे डॉक्टर लिंडक्विस्ट उठले. ते परीक्षेच्या बाजूचे.

“परीक्षाच नको म्हटलं तर कुठलं पोर मागे पडलंय ते कळायचं कसं? माझा अँडर्स याच बाईंच्या वर्गात आहे, तो परीक्षेला बसला. आणि ही चळवळ चळवळ म्हणताय, ती आहे कुठे? आम्हाला तर कुणी साधं विचारलंही नाही.”

“काय बोलताय, डॉक्टर!” मागून टीना वोझनियाक उभी राहिली. टायरच्या दुकानातून ती तशीच कामाच्या कोटात आली होती, शेजारी तिची मुलगी, ग्वेनच्याच वर्गातली जोलीन. “मला मिसेस हॅलोरननी स्वतः फोन केला. किती मायेनं बोलल्या! नाहीतर शाळेचा फोन म्हणजे आमच्या पोटात गोळाच.” लोक हसले. “मला केला म्हणजे सगळ्यांनाच केला असणार. रीटा, तुला आला ना?”

“आला की.”

“डेल, तुला?”

“आला.”

“आणि बाकीचे? अहो, हात वर करा ना!”

अजून दोनचार हात वर झाले. टीनानं मान वळवून एकेक चेहरा पाहिला. ही माणसं तिच्या चांगल्या ओळखीची होती. दर गुरुवारी वाचनात कच्च्या मुलांचा जादा वर्ग सुटेपर्यंत ती सगळी एकाच व्हरांड्यात ताटकळत असायची.

“ही तर आमची गुरुवारचीच मंडळी,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता.

डॉक्टरांना आधी उमगलं. ते खाली बसले.

“मिसेस हॅलोरन, डॉक्टरांना फोन का नाही केलात?” टीनानं विचारलं.

“टीना, हे आपण नंतर माझ्या खोलीत—” डग उठला.

“तुम्हाला नाही विचारलं.”

ग्वेनचे कान तापले. सांगायला सबबी ढीगभर होत्या. राहून गेलं म्हणता आलं असतं, डगकडे बोट दाखवता आलं असतं. मघाच्या टाळ्या आठवून तिला स्वतःची किळस आली. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते हेच.

“कारण अँडर्स पास झाला असता,” ती म्हणाली.

टीनानं पोरीचा कोट उचलला, तिचा हात धरला आणि दाराकडे निघाली. वाट माईकजवळूनच होती. तिथे जोलीन थबकली.

“मी रोज आमच्या कुत्र्याला वाचून दाखवत होते,” ती बाईंना म्हणाली. “यंदा मी पण पास झाले असते. हो ना?”

पोर रागावलेली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. ‘हो’ म्हणायला ग्वेननं तोंड उघडलं, आणि आपला त्यावर विश्वास नाही, कधीच नव्हता, हे तिला सगळ्यांदेखत कळून चुकलं. जोलीन तिच्या तोंडाकडे बघत उभीच होती.