वाऱ्याचं गाव

"वारा आला गं बाई, वारा सांगे ना नाव,
कापडाच्या मोज्यामंदी त्याचं दिसते गाव."

बायकोचा, मैनाबाईचा हा आवाज तेजरामला अजून ऐकू येतो. शिलाई मशीनचं चाक फिरायचं, तिच्या मांडीवरून केशरी-पांढरं कापड ओघळायचं. भिलाईबाहेरच्या छोट्या विमानतळाचा विंडसॉक तीच शिवायची. वारा कुठून येतो ते वैमानिकाला वरून दिसावं, म्हणून खांबावर लावायचा तो लांब मोजा. चढून त्याच्या बेअरिंगला ग्रीस लावायचं काम तेजराम आणि दयारामचं, पाळीपाळीनं.

सतरा वर्षांपूर्वी तिजाच्या सणासाठी लेकीला माहेरी आणायला दयाराम रजा न टाकताच गेला. "माही पाळी तू कर," म्हणाला. तेजरामनं शिडी लावली. पायऱ्या पावसानं निसरड्या होत्या. दोन चढून तो उतरला आणि संध्याकाळी म्हणाला, "लावलं ग्रीस."

तिसऱ्या दिवशी वारा फिरला, मोजा फिरला नाही. एक विमान धावपट्टी ओलांडून धानाच्या शेतात गेलं, शिकाऊ मुलाचा खांदा मोडला. पाळीच्या कागदावर नाव दयारामचं. नोकरी त्याची गेली. पुढची वर्षं हथखोजच्या कारखान्यात लोखंड उचलण्यात गेली.

"सांगून टाका त्याले," मैनाबाई शेवटच्या आजारात म्हणाली होती.

"सांगतो."

तिला जाऊन चार वर्षं झाली.

त्या तिजाला आईच्या कडेवर आलेली टीना आज पहिल्यांदा एकटी उडत होती. दयारामनंच तेजरामला बोलावून घेतलं होतं. सकाळपासून लहान विमानांची रीघ होती. एक उतरलं की दुसरं धावायचं. दोघे कुंपणापाशी उभे. खांबावरचा मोजा सहज फिरत होता.

"कावून खांबाकडेच पाहून राहिला? नात माही तं वर उडून राहिली," दयाराम म्हणाला.

टीनाचं विमान वळलं, खाली आलं, चाकांनी धावपट्टीला अलगद शिवलं. दयारामनं डोळे पुसले.

टीना हेडसेटखाली दाबून बसलेले केस मोकळे करत आली. पहिल्यांदा एकट्यानं उडून येणाऱ्याच्या डोक्यावर इथे बादलीभर पाणी ओततात.

"दोन्ही आबा मिलके डालो," ती म्हणाली आणि मान झुकवून उभी राहिली.

"पाह्य नं," दयाराम हळूच बोलला, "त्या टायमाले आपलं नशीबच खोटं होतं. तू तं ग्रीस लावलं होतं." त्यानं बादलीची कडी धरली. "धर नं बुढ्या. का हेही मीच करू?"

तेजरामचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"दयाराम," तो म्हणाला, "मी चढलोच नोतो त्या दिवशी. ग्रीस लावलंच नोतं मी."