चार इंच

मित्रांनो, माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका, आधी मोजून घ्या. मी एक जुनी साखळी आहे. एकशे ऐंशी कड्या, प्रत्येक कडी दोन इंचांची, आणि दोन टोकांना माणसाच्या उंचीच्या दोन काठ्या. लांबी बरोबर दहा यार्ड. अमेरिकी फुटबॉलमध्ये ज्याच्याकडे चेंडू असतो त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. नाही सरकला, तर चेंडू समोरच्याला द्यायचा. सरकला की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळेनासं झालं, की मला मैदानात बोलावतात. मी जे सांगते ते शेवटचं. त्यामुळे मी निकाल दिला की निम्मं मैदान मला खोटी म्हणतं. आयुष्यभर हे ऐकलं की स्वभाव संशयी होणारच. माझा झाला.

टोलेडो शहरातल्या एका लोहाराने मला तिथल्या शाळेसाठी घडवलं. बावीस वर्षं मी शाळेच्या सामन्यांना राबले. माझी माणसं तीन. पथकाचा म्होरक्या गेझा टाकाच, काचेच्या कारखान्यातला तपासनीस. काचेतला बुडबुडा शोधायचा आणि काच बाजूला काढायची, हे त्याचं काम. रविवारच्या जेवणातही तो बुडबुडे शोधायचा म्हणे. मागची काठी ओटिस प्रुइटच्या हातात. तो टपाल वाटायचा आणि पायी इतका चालायचा, की मैदानाची धावपळ त्याला विश्रांती वाटे. पुढची काठी धरायचा रेमंड नावाचा न्हावी.

गेझाचे नियम कडक होते. टाळी वाजवायची नाही. कुणी जिंकलं म्हणून हसायचं नाही. यजमान संघ सँडविच देतो, ते खायचं नाही. तो घरून लाल तिखट घातलेलं सॉसेज आणि पाव आणायचा आणि बाकीच्या दोघांनाही तेच खायला लावायचा.

मग १९७४ साली एक नवी लीग निघाली आणि आमच्या शहरालाही व्यावसायिक संघ मिळाला. नाव 'टोलेडो हेरन्स', म्हणजे बगळे. संघाकडे स्वतःचं काय होतं विचाराल, तर नाव तेवढं होतं. हेल्मेटांवर कुठल्या तरी जुन्या संघाचा रंग खालून डोकवायचा. शर्टांवरचे आकडे पहिल्याच धुण्यात सुटले. साखळी तर नव्हतीच, म्हणून गेझा मला शाळेतून घेऊन गेला. खेळाडूंपैकी निम्मे मोठ्या लीगने काढून टाकलेले, उरलेल्यांना तिने कधी बोलावलंच नव्हतं. ओटिसच्या बहिणीचा मुलगा थर्मन त्यातलाच. पहाटे बेकरीची गाडी हाकायचा आणि दुपारी चेंडू पोटाशी धरून धावायचा.

गावाचा या संघावर काडीचा विश्वास नव्हता. "बगळा एका पायावर उभा आहे," रेमंडच्या दुकानात लोक म्हणत, "दुसरा उचलला की उडालाच समजा." पण बगळे जिंकू लागले. सहा सामने जिंकले, त्यातले तीन माझ्या मापावर, जेमतेम इंच-दोन इंचांनी. झालं! जो तो माझ्याकडे वाकड्या नजरेने बघू लागला.

"त्या साखळीला घरचं खायला घालता का रे?" तुलसा शहराच्या संघाचा प्रशिक्षक भर मैदानात ओरडला. बड हॉलिस त्याचं नाव.

"तिला नाही, पण मामाला घालत असतील," त्याचा एक खेळाडू म्हणाला. "भाचा धावतो आणि मामा काठी धरतो. आपल्यालाच मामा बनवतायत!"

ओटिसने आपली काठी उचलली आणि तो चालायला लागला. गेझाचा चेहरा मात्र लाल झाला. त्या दिवसापासून त्याच्या मनात किडा शिरला. खरं सांगायचं तर माझ्या मनात तो आधीच शिरला होता.

का, ते सांगते. मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची एक पट्टी असते, चार इंच रुंद. मी मैदानाच्या कडेला ताणलेली असताना जी पट्टी माझ्याखालून जाते, तिच्या मागच्या कडेवर जी कडी येईल तिला गेझा एक चिमटा लावायचा. मला मैदानात नेलं की तो चिमटा त्याच पट्टीच्या मागच्या कडेवर टेकवायचा, म्हणजे मी जशीच्या तशी बसते. चिमटा चुकून पुढच्या कडेला लागला, तर मी चार इंच मागे बसते आणि ज्याच्याकडे चेंडू त्याला चार इंच फुकट मिळतात.

आता ऐका. चिमटा लावून गेझा वळला की कधी कधी ओटिस हळूच वाकायचा, चिमटा काढायचा आणि दोन कड्या सरकवून लावायचा. दोन कड्या म्हणजे चार इंच! माझ्याखाली दबलेला चुना मला दिसत नाही, मला फक्त चिमट्याचा दात कळतो. तो दात सुटला आणि दुसरीकडे रुतला की मी मनात म्हणायची, चोर आहे हा. भाच्यासाठी करतोय. त्याचा हात लागला की मला शिसारी येई.

दहाव्या सामन्यात गेझाने वळून पाहिलं, तेव्हा ओटिसची बोटं माझ्यावरच होती.

"बुटाची नाडी," ओटिस म्हणाला.

गेझाने मान डोलावली. पण ओटिसच्या बुटांना नाड्या नव्हत्या, बक्कल होतं. हे गेझानेही पाहिलं आणि मीही.

शेवटचा सामना पुन्हा तुलसाशीच आला. जिंकेल तो अंतिम फेरीत. तक्रारी इतक्या झाल्या होत्या, की लीगने पोलादी टेप देऊन एक साहेब पाठवला. त्याने मला तीनदा मोजलं. दहा यार्ड, तिन्ही वेळा. "आज एक जरी गडबड झाली," तो गेझाला म्हणाला, "तर तुमच्या पथकाला पुन्हा कुठल्याच मैदानावर उभं करणार नाही. वर्तमानपत्रात नावं छापू." गेझाची बावीस वर्षांची अब्रू त्या दुपारी पणाला लागली.

साहेब गेल्यावर गेझा ओटिसला म्हणाला, "आज तू पुढची काठी धर. मागची रेमंड धरेल."

"का रे? बावीस वर्षांत कधी बदललं नाहीस."

"माझ्या चिमट्याजवळ तुझा हात नको मला."

ओटिसने मागची काठी रेमंडच्या हातात दिली. मग "बरं," एवढंच म्हणून तो पुढे गेला. मला तर हायसं वाटलं.

दोन मिनिटं उरली तेव्हा बगळे तीन गुणांनी मागे होते. चौथा प्रयत्न, शेवटचाच. थर्मन चेंडू घेऊन घुसला आणि माणसांच्या ढिगाखाली दिसेनासा झाला. पोचला की नाही? पंचांनी आम्हाला बोलावलं. जागा सोडताना काठी जमिनीत रोवलेल्या भोकावर टोपी ठेवायची, ही आमच्या पथकाची रीत. ओटिसने आपली टोपी ठेवली आणि आम्ही आत गेलो.

गेझाने चिमटा पट्टीवर टेकवला. मला ताणलं. चेंडूचं नाक काठीच्या एक इंच पुढे होतं. पंचाने हात उंचावला आणि सगळं मैदान नाचायला लागलं. थर्मनने हेल्मेट हवेत फेकलं.

ओटिसने काठी हलवली नाही. "गेझा," तो म्हणाला, "चिमटा कुठल्या कडेला लावलास?"

"मागच्या."

"मी पलीकडून बघत होतो. पुढच्या कडेला लावलास तू."

"मला शिकवतोस? तू?" गेझाचा आवाज चिरकला. "इतके दिवस चिमटा सरकवत होतास, ते काय मी पाहिलं नाही?"

"सरकवत होतो. तू चुकलास की सरकवत होतो. तुलसाचा चेंडू असताना सरकवला आणि थर्मनकडे असतानाही सरकवला. माझ्याच पोराचं किती वेळा नुकसान केलं, मोज की!"

मित्रांनो, माझ्या एकशे ऐंशी कड्या तिथे गार पडल्या. तो चिमटा दर वेळी मागेच न्यायचा, आणि मागे नेला की चेंडूवाल्याचं नुकसानच होतं, मग तो भाचा का असेना. एवढा साधा हिशेब मला कधी सुचला नव्हता. संशय इतका दाट होता, की तो कुठल्या बाजूला सरकवतोय हेसुद्धा मी पाहिलं नाही.

गेझा मैदानाच्या कडेला परत गेला. टोपी उचलली, काठी तिच्या भोकात रोवली, मला ताणलं. मग गुडघे टेकून, चष्मा काढून, त्याने बोटाने चुना चाचपला. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला. किती महिन्यांपासून, ते त्यालाच ठाऊक. बोट चिमट्यापाशी आलं, ते पट्टीच्या पुढच्या कडेवर.

तो उठला आणि अठरा हजार माणसांच्या समोर पंचाकडे चालत गेला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "यांचा काही संबंध नाही. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं. चेंडू तीन इंच कमी पडला. बगळ्यांचा हंगाम तिथेच संपला. वरून कागदी पेले आले, शिव्या आल्या. थर्मन ओटिससमोर येऊन उभा राहिला.

"मामा, नीट मोजलं ना?"

"नीट मोजलं, बाळा."

थर्मनने पडलेलं हेल्मेट उचललं आणि तो गेला.

"मला आधी का नाही बोललास?" गेझाने विचारलं.

"जन्मभर काच तपासलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुला दिसत नाही? म्हटलं, आपणच सावरू."

गेझाने चिमटा काढून ओटिसच्या हातात ठेवला. लीगच्या साहेबाने वर्तमानपत्रात एकच नाव दिलं, गेझाचं. पुढच्या वर्षी ती लीगही बुडाली. मी शाळेत परतले. ओटिसने अकरा वर्षं माझा चिमटा लावला, आणि एके दिवशी तो आलाच नाही. त्याची काठी आता दुसऱ्याच कुणाच्या हातात असते.

मला पुसून ठेवा, तेल द्या, ओलीत टाकू नका, एवढं तर प्रत्येक जुनी वस्तू मागतेच. माझं मागणं वेगळं आहे. अकरा वर्षं तो हात दर सामन्याला माझ्यावर होता आणि त्याची माफी मागायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे, मित्रांनो. ज्याच्यावर उगाच संशय घेतलात, तो अजून येतोय तोवर मागून टाका.