बंद खोलीतली धूळ

माझ्या काड्या निम्म्या झिजल्या आहेत आणि मुठीवरची दोरी दोनदा बदलून झाली आहे. मित्रांनो, मी एक जुना झाडू आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने उतारावरचे गवत कापले, वाळवले, झोडपले आणि घट्ट आवळून मला बांधले. बाजारातून मला ज्यांनी घरी आणले, त्यांना सगळे ताई म्हणत. ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ एकत्र राहत. भाऊ पुस्तके बांधायचा. पुढच्या खोलीत त्याचे काम, मधल्या खोलीत दोघांचा संसार आणि मागच्या खोलीत कोऱ्या कागदाचे गठ्ठे.

दिवसभर कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या माझ्या पुढ्यात पडत. ताई मला हलक्या हाताने फिरवत आणि काम झाले की खुंटीला टांगत. "याच्यासारखा झाडू शोधून सापडायचा नाही," असे त्या शेजारणीला सांगत, तेव्हा मला काय वाटायचे म्हणून सांगू!

पुस्तकांच्या पाठीला लावायची पिठाची खळ भाऊ वाडग्यात उघडीच ठेवायचा. त्या वासावर उंदीर आले. आधी खळीत बारीक पावले उमटलेली दिसली, मग भिंतीच्या कडेला तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या.

"अरे, भिंतीतलं ते भोक बुजव. आणि खळीवर झाकण ठेवत जा," ताई म्हणाल्या.

"बुजवतो गं. एवढ्याशा जिवाला काय घाबरतेस? दोन कागद कुरतडेल, आणखी काय!"

"कागद कुरतडू दे रे. ताटावाट्यांवरून फिरतात, त्याचं काय?"

"रविवारी बघतो."

असे कितीतरी रविवार गेले. मागच्या खोलीत उंदरांनी कागदाच्या चिंध्या करून घरटी केली, त्यांत पिल्ले झाली. खुंटीवरून मला त्यांची खुडबुड ऐकू यायची. पण ऐकण्यापलीकडे माझ्या हाती काय होते?

मग एका शाळेचे वह्यांचे मोठे काम आले. कागद हवा होता, म्हणून चार महिने बंद असलेली ती खोली उघडली. आत लेंड्यांचा थर आणि मुताचा उग्र वास. सुटे कागद उडू नयेत म्हणून ताईंनी खिडकी लावलेलीच ठेवली आणि मला हातात घेतले.

पहिल्याच फटक्याला धूळ उठली. ताई खोकल्या, बाहीने नाक पुसले आणि पुन्हा झाडू लागल्या. मला थांबायचे होते. दोरी तुटून तिथेच विस्कटावेसे वाटत होते. पण हातात धरलेल्या झाडूला नाही म्हणता येत नाही. ताई मन लावून झाडत होत्या आणि धूळ त्यांच्या तोंडावर उडवत होतो मी.

दोन आठवड्यांनी ताईंना ताप आला. पाठ आणि मांड्या ठणकू लागल्या. "दमलीस गं, पडून राहा," भाऊ म्हणाला. पाचव्या दिवशी त्यांना धड श्वास घेता येईना. मग मात्र त्याची पाचावर धारण बसली. शेजाऱ्यांनी गाडी आणली आणि ताईंना उचलून नेले.

चार दिवसांनी भाऊ परत आला. हातात ताईंच्या चपलांची पिशवी होती. ताई नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. त्याने खोली पाहिली.

"हे कोरडंच झाडलं होतं का?"

भावाने होकारार्थी मान हलवली.

"उंदरांच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासातून आत जाते. त्यातून आजार होतो. आधी दारं-खिडक्या उघडून खोली मोकळी ठेवायची. मग जंतुनाशकाचं पाणी मारून सगळं नीट भिजू द्यायचं, आणि मोजे घालून ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं."

"आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही हो," भाऊ म्हणाला.

त्या माणसाने मला जंतुनाशकात बुडवून काळ्या पिशवीत घातले.

मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही. तुम्हाला येते. अन्न झाकून ठेवा, घरातली भोके वेळीच बुजवा. आणि लेंड्या दिसल्या तर कृपा करून मला हात लावू नका, मोठ्यांनाही लावू देऊ नका.

पिशवीचे तोंड बांधले गेले, तरी मला ऐकू येत होते. भाऊ मोरीत हात धूत होता. त्याने तर कशालाच हात लावला नव्हता. तरी नळ कितीतरी वेळ चालूच होता.