वंशावळीतलं वर्तुळ

व्हिडिओ कॉलवर शुभांगीने पाठीमागचा पडदा बाजूला सारला. दोरीवरचे टॉवेल दिसले, खाली गॅसचं रिकामं सिलिंडर.

“बघा आबा, कुणी नाही. दवाखान्यातली माझी समुपदेशनाची खोली लॉकडाऊनमुळे बंद आहे, म्हणून भूगावच्या घरूनच बोलतेय.”

समोर हैबतरावांचा अर्धा चेहरा आणि एक कान होता. फोन त्यांच्याच हातात. मागे भिंतीला टेकून त्यांची सून वैष्णवी बसली होती.

“आन् ह्ये समदं रेकॉर्ड होतंय?”

“नाही.”

“भाऊ किती, भैनी किती, कोण कवा गेलं. दवाखान्याला कशाला पायजे? असलं वकील इचारत्यात.”

“आनुवंशिक आजार नात्यातून येतो, आबा. म्हणून विचारते.”

वैष्णवीला तिसरा महिना होता. पहिली लेक आठ महिन्यांची होऊन गेली. तिची मान कधी सावरलीच नाही. आजाराला नाव मिळालं नाही, आणि बाळाचं रक्तही कुणी तपासणीसाठी जपलं नव्हतं. नाव कळलं तरच पोटातल्या जिवाची तपासणी करता येणार होती, आणि त्यासाठी दिवस थोडे उरले होते. वैष्णवी मामाच्याच, म्हणजे हैबतरावांच्या घरी दिलेली. त्यामुळे या घरात आणखी कुणाचं मूल तसंच गेलं असेल, कुठे एखादा रिपोर्ट राहिला असेल, तर तोच धागा होता.

दवाखान्यात असती तर शुभांगीने वडीलधाऱ्यांना चहाला पाठवलं असतं आणि सुनेला एकटीला विचारलं असतं. फोनला दार नव्हतं.

तिने कागदावर पुरुषाचा चौकोन काढला.

“तुम्ही किती भावंडं?”

“मी, धाकला विश्राम, आन् हिची आई रत्ना. झालं.”

दोन चौकोन, बहिणीचं एक वर्तुळ.

“आणखी बहीण?”

“सांगितलं की. तलाठ्याच्या वारसाच्या कागदावर बी तिघंच हायेत.”

शुभांगीचं पेन थांबलं. तलाठ्याचं नाव तिने काढलंच नव्हतं. बहिणीचं नाव वारसांतून गाळून जमिनी विकल्याचं तिने या भागात ऐकलं होतं. वैष्णवी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

“जमीन बिल्डरला दिली का तुम्ही?”

“बघा. आलात का वळणावर?” हैबतरावांनी फोन तोंडाजवळ आणला. “कुणी पाठिवलंय तुमाला?”

तेवढ्यात फोनमधून सुपाची सळसळ ऐकू आली, आणि तिच्या लयीत एक बारीक आवाज.

“मामी हायेत,” वैष्णवी घाईने म्हणाली. “तांदूळ पाखडत्यात.”

*दोगी माज्या नणंदा गं, दोन जाईच्या कळ्या*
*येक दिली मारुंजीला, येक चांद्याच्या मळ्या*

वैष्णवीची आई रत्ना मारुंजीला दिलेली. शुभांगीने कागदाकडे पाहिलं. वर्तुळ एकच होतं.

“सगुणा, गप की जरा.”

सूप थांबलं. शुभांगीच्या फोनवर रेंजच्या साऱ्या रेघा भरलेल्या होत्या.

“आबा,” ती म्हणाली, “आवाज तुटला. काहीच कळलं नाही. पुन्हा येऊ द्या.”

हैबतराव फोनकडे टक लावून बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचा हात पोटावर होता. तो तिथे केव्हा गेला हे तिलाही ठाऊक नसावं.

हैबतराव उठले, पडद्यावरचं चित्र हललं. छत, कोनाडा, दाराची चौकट. त्यांनी फोन कुठेतरी टेकवला आणि समोर सूप आलं, सुपावरचे बांगड्यांचे हात आले. चेहरा दिसत नव्हता. सूप पुन्हा सळसळलं.

*मान धरीना तान्हुलं, इंदू झुरती आतून*
*कागद दवाखान्याचा तिनं ठेवलाय जपून*

ही ओवी जुनी नव्हती. शब्द आत्ताच जुळत होते, सुपातल्या दाण्यांसारखे एकेक पुढे येत होते.

शुभांगीने दुसरं वर्तुळ काढलं. त्याखाली लिहिलं: इंदूबाई, चांदे.

“आला का आवाज?” हैबतराव बाजूनेच बोलले.

“आला, आबा.”

“मंग लिव्हून घ्या,” ते म्हणाले. “म्या काय बी सांगितलं न्हाई.”